लेकीच्या दस्तरखानावर आई-बाप

रमजानचे पहिले आठ-दहा रोजे घरच्या घरात जातात. पहाटे सहरीला उठण्याची सवय होते, इफ्तारची वेळ अंगवळणी पडते, रात्री तरावीहच्या नमाजमध्ये शेजारी कोण उभे असते तेही ठरून जाते. मग फोन सुरू होतात. ‘शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोहोचा. शनिवारी छोट्याची रोजाकुशाई आहे. रविवारी निवांत जा.’ अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी अशा एका फोनवर सगळे घर हलते. कोण कुठे झोपणार, सहरीला किती माणसे, तिखट कोणाला चालत नाही, कोणाला पायऱ्या चढवत नाहीत, याचा हिशेब सुरू होतो.

हा फोन घरातल्या मुलाने आपल्या आई-वडिलांना केला असेल तर उत्तर लगेच येते, ‘येतो.’ गाडी कोणती, एवढाच प्रश्न उरतो. घरच्या सुनेने आपल्या आई-वडिलांना केला असेल, तर पलीकडे आधी थोडी शांतता असते. मग आई म्हणते, ‘बघते बेटा, अब्बांना विचारून सांगते.’ अब्बा म्हणतात, ‘इफ्तारला येऊ. रात्री नांदेडला चुलत्याकडे थांबू.’ लेकीच्या घरी एक खोली रिकामी असते, गाद्या असतात, नातवंडे वाट पाहत असतात. तरी मुक्काम चुलत्याकडे!

ही रीत एका धर्माची नाही. मराठवाड्यात अनेक हिंदू घरांत लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, असा दंडक होता. कन्यादान केले, मग दिलेल्या घरचे परत कसे घ्यायचे, हा त्यामागचा विचार. मुस्लिमांत कन्यादान नाही. निकाह हा दोन माणसांमधला करार आहे. तिथे लेकीची संमती विचारली जाते आणि मेहेर तिच्या नावाने ठरतो. लेकीला कोणी ‘देत’ नाही. पण बोलताना आपणही ‘लेक अर्धापूरला दिली’ असेच म्हणतो, आणि ‘बेटी के घर का पानी’ हे शब्द मोहल्ल्या-मोहल्ल्यात घट्ट बसले आहेत. रीत शेजारून आली आणि हळूहळू तिला दीनचे नाव मिळाले.

रस्ता सोपा, उंबरा अवघड

समजा, आई-वडील औशाचे आणि लेक अर्धापूरला. दोन्ही गावे एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत, क्रमांक 361. औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड आणि मग अर्धापूर. अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त. पूर्वी न येण्याला तिकिटाचा खर्च हे एक कारण तरी सांगता येत असे. 26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट लागते. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांनाही निम्मेच तिकीट. म्हणजे वडील पंच्याहत्तरीचे असतील तर दोघांचा मिळून खर्च अर्ध्या तिकिटाचा. लेकीच्या गावापर्यंतचा रस्ता सरकारने सोपा करून दिला. तिच्या दाराचा उंबरा मात्र ज्याने-त्याने आपल्या घरात सोपा करायचा आहे.

उंबऱ्यावर अडणारी पहिली गोष्ट पिशवी. रोजाकुशाई म्हणजे मुलाचा पहिला रोजा उघडण्याचा सोहळा. वयात येईपर्यंत मुलांवर रोजा फर्ज नसतो, पण सात-आठ वर्षांची मुले हट्टाने एखादा रोजा ठेवतात आणि त्या दिवशी घरात लग्नासारखी गडबड असते. गळ्यात हार, डोक्यावर नवी टोपी, मुलीला नवा दुपट्टा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रातही फोटो येतो, चिमुकल्याने पहिला रोजा ठेवला म्हणून. या सोहळ्यात नाना-नानीचा मान मोठा, आणि मानाबरोबर अपेक्षाही मोठी. नातवाला कपड्यांचा जोड, लेकीला जोड, जावयाला जोड, विहीणबाईंना साडी, मिठाई, सुका मेवा. दादा-दादी रिकाम्या हाताने आले तरी ते घरचेच असतात. नाना-नानीला रिकाम्या हाताने येता येत नाही. निवृत्तिवेतनावर किंवा दोन एकर कोरडवाहूवर जगणारा बाप मग लेकीचा फोन आला की आधी खिशाचा विचार करतो. शांतता तिथूनच सुरू होते.

अशा वेळी जावयाने सासऱ्यांना स्वतः एक फोन करावा. ‘काही आणू नका, तुम्ही या’ हे लेकीने सांगितले तर आई-वडिलांना तो तिचा जीव वाटतो. जावयाने सांगितले तर ती परवानगी वाटते. तसे वाटायला नको, पण आज तरी तसे आहे. दोन मिनिटांच्या फोनने एका म्हाताऱ्या माणसाची उसनवारी वाचत असेल तर तो फोन इफ्तारच्या दावतीइतकाच मोलाचा.

तीन दिवसांचा हिशेब

पाहुण्याबद्दल मराठीत एक खरमरीत म्हण आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इस्लामी परंपरेतही पाहुण्याचा हिशेब तीन दिवसांचाच आहे, फक्त त्याचा सूर वेगळा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार पहिला दिवस आणि रात्र पाहुण्याचा खास पाहुणचार करावा, तीन दिवसांपर्यंत आदरातिथ्य हा त्याचा हक्क, आणि त्यापुढे यजमान जे करेल तो त्याचा सदका. त्याच शिकवणीत पाहुण्यालाही सांगितले आहे की यजमान अडचणीत येईल इतके राहू नये.

शुक्रवार, शनिवार, रविवार. शनिवार-रविवारची सुट्टी धरून केलेला मुक्काम बरोबर या तीन दिवसांत बसतो, म्हणून सगळ्यांना सोयीचा वाटतो. पण हा हिशेब पाहुण्यांचा आहे. मुलाचे आई-वडील त्याच्या घरी आले तर आपण दिवस मोजतो का? मोजत नाही, कारण ते पाहुणे नाहीत. लेकीच्या आई-वडिलांचे मात्र पहिल्या दिवसापासून दिवस मोजले जातात. घरातले कोणी बोलून दाखवत नाही. ते स्वतःच मोजतात. ‘आज शनिवार, उद्या निघायचे’ हे पिशवीची चेन उघडतानाच ठरलेले असते. आदर असतो, चांगल्या कपबशीत चहा असतो, ताटात सर्वांत आधी त्यांना वाढले जाते. नेमकी हीच पाहुण्याची खूण. चांगली कपबशी रोज काढली जात नाही.

शरियतमध्ये त्यांच्यासाठी आणखी एक शब्द आहे, मुसाफिर. हनफी उलेमांनी साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढचा प्रवास सफर धरला आहे, आणि मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल तर माणूस त्या गावी मुसाफिरच राहतो. त्याला रोजा नंतर भरून काढण्याची सवलत आहे. म्हणजे औशाहून आलेले नाना अर्धापूरच्या तीन दिवसांत फिकहच्या भाषेत मुसाफिर असतात. मुसाफिर असणे अंतरावर ठरते. मेहमान असणे घरातल्यांच्या मनावर ठरते. पहिल्याचा नियम बदलता येत नाही, दुसऱ्याचा येतो.

मदिनेतल्या दोन लेकी

हा प्रश्न नवा नाही. इ. स. 628 मध्ये मक्केच्या कुरैश टोळीशी हुदैबियाचा तह झाला आणि मक्का-मदिना वाट काही काळ मोकळी झाली. त्या काळात हजरत अस्मा यांची आई कुतैला मक्केहून लेकीला भेटायला मदिनेला आली. अस्मा म्हणजे हजरत अबू बक्र यांची मुलगी, हजरत आयेशा यांची थोरली सावत्र बहीण. कुतैला आणि अबू बक्र यांचा फार पूर्वी तलाक झाला होता. आईने इस्लाम स्वीकारलेला नव्हता, आणि तिच्या लोकांशी मदिनेच्या लढाया झालेल्या होत्या. आई रिकाम्या हाताने आली नव्हती. लेकीसाठी भेटवस्तू घेऊन आली होती. अस्मा अडखळल्या. आईला घरात घ्यावे का, तिची भेट स्वीकारावी का? त्यांनी प्रेषितांना विचारले. उत्तर स्पष्ट मिळाले: आईशी नाते जोड, तिच्याशी चांगले वाग.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी सहसा लक्षात घेतल्या जात नाहीत. एक, अस्मा तेव्हा विवाहित होत्या. घर हजरत जुबैर यांचे होते. म्हणजे आई जावयाच्या घरी आली होती. दुसरे, धर्म वेगळा, गट वेगळा, नवऱ्याशी काडीमोड झालेला, एवढी सगळी अंतरे असतानाही आईचा हक्क कमी झाला नाही. एवढ्या अंतरावरच्या आईला लेकीचे दार उघडे होते. मग औसा ते अर्धापूर हे अंतर ते काय!

दुसरी लेक हजरत फातिमा. त्या वडिलांकडे आल्या की प्रेषित उठून उभे राहत, त्यांचा हात धरत आणि त्यांना आपल्या जागेवर बसवत. आणि ते लेकीच्या घरी गेले की फातिमाही तसेच करत, उठून त्यांना आपल्या जागेवर बसवत. हा प्रसंग आपल्याकडे नेहमी लेकीच्या मानासाठी सांगितला जातो. त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: वडील लेकीच्या घरी जात होते. पाहुण्यासाठी वेगळी मांडलेली जागा नव्हती. लेक स्वतःची जागा देत होती.

हक्क काय सांगतो

कुरआनमध्ये आई-वडिलांशी सद्वर्तनाची आज्ञा येते तेव्हा ती लेकाला वेगळी आणि लेकीला वेगळी अशी येत नाही. वृद्ध आई-वडिलांना ‘उफ्’ही म्हणू नये, हे दोघांनाही सारखेच. बाराव्या शतकातील इमाम मर्गिनानी यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात गरजू आई-वडिलांच्या निर्वाहाचा भार ऐपत असलेल्या मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखा टाकला आहे. वारशाच्या नियमांतही हीच समता दिसते. मूलबाळ असलेला मुलगा आई-वडिलांच्या हयातीत वारला तर त्याच्या मालमत्तेत आईचा सहावा आणि वडिलांचा सहावा हिस्सा असतो. मुलगी वारली तरी तिच्या मालमत्तेत त्यांचा हिस्सा तेवढाच ठरलेला आहे. जिच्या मालमत्तेत हक्काचा वाटा आहे, तिच्या ताटातल्या दोन घासांचा संकोच कशासाठी?

देशाचा कायदाही याच वाटेवर आहे. 1987 मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लग्न झालेल्या मुलीवरही आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. लग्नाने ती त्यांची मुलगी असणे संपत नाही. पुढे 2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आला. त्यात ‘मुले’ या शब्दाच्या व्याख्येतच मुलगा आणि मुलगी दोघे आहेत. निर्वाह मिळत नसेल तर आई-वडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कोणाच्या आई-वडिलांवर ती वेळ येऊ नये. पण कायद्याने लेकीला जबाबदार धरायचे आणि रीतीने तिच्या घरी पाणीही प्यायचे नाही, हे दोन्ही एकाच वेळी चालणार कसे?

त्यात आता लेकी कमावत्या झाल्या आहेत. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, कोणी दवाखान्यात परिचारिका आहे, कोणी घरी शिलाईचे मशीन चालवते. शरियतनुसार पत्नीची कमाई तिची स्वतःची असते. त्यातून आई-वडिलांसाठी काय करायचे हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. आणि मुलगे? मराठवाड्यातल्या किती घरांतले मुलगे पुण्याला, मुंबईला, हैदराबादला पोटासाठी गेले आहेत हे वेगळे सांगायला नको. जवळ असते ती लेक. ज्यांना लेकीच आहेत, त्यांनी म्हातारपणी जायचे कुठे? पोटगीचे प्रश्न पुढचे. आधी आजच्या एका शनिवारी ते लेकीच्या घरी मोकळेपणाने झोपू शकतात का, एवढेच पाहू.

शनिवारचा स्वयंपाक कोणाचा

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आई-वडील आले, सासरची माणसे आली, शेजारपाजारी इफ्तारला बोलावले, आणि हे सगळे जिच्या बोलावण्यावर झाले ती लेक स्वतः रोज्यात आहे. ती पहाटे इतरांच्या तासभर आधी उठते. नांदेडकडच्या आणि हैदराबादी वळणाच्या घरांत सहरीला खिचडी, खट्टा आणि कीमा लागतो. कोणाला भाकरीच हवी असते, तर कोणाला दूध-शेवया. दुपारी सगळे पडतात तेव्हा ती डाळ भिजवते, भज्यांचे पीठ कालवते, दहीवडे करते. असरच्या नमाजनंतर फळे कापायला बसते. अर्धापूरची केळी फळांच्या ताटात हवीतच. ज्या गावच्या केळीबागांचे नाव दूरवर गेले, त्या गावी इफ्तारला केळी नसतील तर पाहुणे काय म्हणतील? रात्रीच्या जेवणाला बगारा चावल आणि दालचा. मगरिबची अजान होते तेव्हा ती खजूर तोंडात टाकून पुन्हा चुलीकडे वळते, कारण तेलात भजी आहेत.

तीन दिवस असे गेले की रविवारी संध्याकाळी आई लेकीकडे पाहते आणि मनात म्हणते, ‘माझ्यामुळे पोरीला किती त्रास झाला.’ पुढच्या वर्षीच्या फोनवरची शांतता थोडी लांबते. लेकीने आई-वडिलांसाठी केलेला प्रत्येक जास्तीचा पदार्थ त्यांना पुन्हा पाहुणा करून जातो.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. दावत एकच, शनिवारची. शुक्रवारी आणि रविवारी घरात रोज जे होते तेच. रोजेदाराला इफ्तार घडवणाऱ्याला त्याच्याइतकेच पुण्य मिळते, आणि रोजेदाराचे काही कमी होत नाही, ही शिकवण सर्वांना पाठ आहे. त्या पुण्यासाठी बारा पदार्थांची अट कुठे घातलेली नाही.

पुरुषांनीही दस्तरखान अंथरणे, फळे कापणे, सरबत ढवळणे, भांडी उचलणे यात हात घालावा. प्रेषित घरी काय करत, असे हजरत आयेशा यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही सुन्नत दाढी आणि मिस्वाकइतकी लोकप्रिय झालेली नाही. अलीकडे रमजान आणि हळद काढण्या-शिजवण्याचे दिवस एकत्र येऊ लागले आहेत. शेतातून थकून येणाऱ्या माणसाला बसावेसे वाटते, हे खरे. पण चुलीपुढची बाईसुद्धा तेवढ्याच तासांची उपाशी असते.

औषधे, उशी आणि उभे राहणे

वयस्क माणसांच्या गरजा साध्या असतात, पण त्या विचाराव्या लागतात. लेकीच्या घरी ते स्वतःहून सांगत नाहीत. वडिलांना मधुमेह असेल तर रोजा ठेवायचा की नाही हे डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या वेळा बदलून घेऊन ठरवावे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक मार्गदर्शनानुसार साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा. जावयासमोर रोजा सोडायचा कसा, या लाजेपायी चक्कर येईपर्यंत ताणणारे सासरे कमी नसतात. आजारी माणसाला, मुसाफिराला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ज्यांना वयामुळे पुन्हा कधी रोजा झेपणारच नाही, त्यांनी एका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावे, तो फिदिया. घरातल्या कोणीतरी दुपारी सहजपणे त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि आपल्या कामाला निघून गेले, तर यापेक्षा मोठा मान नाही.

तरावीहला त्यांच्यासाठी मशिदीत खुर्चीची सोय आहे का, हे जावयाने आधी पाहून ठेवावे. रात्री पाय पसरायला भिंतीकडेची जागा, न्हाणीघराचा दिवा चालू, पाण्याचा तांब्या जवळ. एवढे झाले तरी पुरे.

आणखी एक गोष्ट: त्यांना काम द्यावे. नानीला लसूण सोलू द्यावा, खट्ट्यासाठी तीळ भाजू द्यावेत, नातीच्या डोक्याला तेल लावू द्यावे. नानाला खजुराच्या वाट्या मांडू द्याव्यात, नातवाला कुरआनचा धडा ऐकवायला बसवू द्यावे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. सत्तरीच्या माणसाने त्याचे दोन पूर्ण फेरे पाहिलेले असतात: मे महिन्यातले कोरड्या घशाचे रोजे, थंडीतले आखूड दिवस, पावसाळ्यात चंद्र न दिसलेल्या रात्री. रोजाकुशाईच्या मुलाला दुपारी तीननंतर वेळ जाता जात नाही. त्या वेळी त्याच्याजवळ बसून या गोष्टी सांगणारे माणूस घरात असणे ही मोठी सोय आहे, आणि त्या माणसालाही आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो असे वाटते. ज्याला काम असते तो पाहुणा राहत नाही.

विहिणी एका ताटाला

या सगळ्याचे यश एका व्यक्तीवर बरेच अवलंबून असते, ती म्हणजे घरच्या सासूबाई. घर त्यांचे, स्वयंपाकघर त्यांचे. सुनेची आई ओट्याशी आली तर त्यांना आपली जागा गेल्यासारखी वाटू शकते. नाही आली तर ‘पाहुण्यासारख्या बसून राहिल्या’ असे वाटू शकते. हे अवघडलेपण दुष्टपणाचे नसते. पण सासूबाईंचीही कुठेतरी एक लेक असते, आणि तिच्या घरी जाताना त्यांनाही हीच शांतता घशात अडकते. जी गोष्ट आपल्या लेकीच्या सासूने करावी असे वाटते, ती आपण आज सुनेच्या आईसाठी करून टाकावी. सासूबाईंनी एवढेच म्हटले की, ‘समधन, आज सहरीचा खट्टा तुमच्या हातचा,’ तर औशाहून आलेल्या बाईचा अर्धा संकोच तिथेच गळून पडतो. मग रात्री दोघी एका ताटात जेवतात आणि आपापल्या गुडघ्यांची तक्रार करतात. सून दाराआडून ऐकते आणि तिला वर्षभर पुरेल इतका धीर येतो.

जावयाचा वाटा यात गप्प राहण्याचा नाही. रविवारी पिशव्या भरल्या जाऊ लागल्या की लेक ‘राहा ना अम्मी’ म्हणतेच. ते म्हणणे तिचे कर्तव्य समजून बाजूला ठेवले जाते. जावयाने ‘सोमवारी मीच बसमध्ये बसवून देतो, आज जाऊ नका’ म्हटले आणि पिशवी उचलून आत ठेवली, तर गोष्ट वेगळी. काही लोक थांबतील, काही नाही थांबणार. निघालेच तर असरच्या आत निघू द्यावे. वाटेत मगरिब झाली तर बसमध्ये हाती लागेल असा इफ्तारचा डबा द्यावा: खजूर, दोन केळी, पाण्याची बाटली, थोडी भजी. पिशवी येताना भरलेली होती, जाताना रिकामी जाऊ नये.

रोजाकुशाई एका मुलाची एकदाच होते. दावत वर्षातून एक-दोनदा होते. निमित्त संपले की लेकीच्या आई-वडिलांचे येणेही संपते, ही आजची पद्धत आहे. म्हणून खरी कसोटी शव्वालमध्ये लागते, ईदचा शीरखुर्मा संपल्यानंतरच्या एखाद्या साध्या बुधवारी. त्या दिवशी घरात सोहळा नसतो, चांगली कपबशी कपाटात असते, भाजी अंबाडीची असते. अशा दिवशी लेकीने फोन करावा आणि काही कारण न सांगता म्हणावे, ‘या.’ रमजान सब्र शिकवतो, भूक शिकवतो, दुसऱ्याच्या ताटाची आठवण शिकवतो. यंदा त्याने आपल्या घराचा उंबरा थोडा झिजवला आणि आई-बाप लेकीच्या घरी पाहुण्यासारखे टेकण्याऐवजी घरच्यासारखे पाठ टेकवून झोपले, तर तीस रोज्यांतून मिळालेली ती चांगलीच कमाई.